चूळ भरून दिलेले गुण

कॉलेजची पहिली दोन वर्षं मी बुलढाण्याला एका निवृत्त ओव्हरसियरच्या घरी राहून काढली. मागची एक खोली, दोन वेळचं जेवण आणि त्याच्या बदल्यात घरची कामं. सकाळी विहिरीवरून पाणी भरायचं, कॉलेजातून आलो की त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, कारण मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, आणि ते सांगतील ती पत्रं लिहायची. मी त्यांना काकाजी म्हणायचो. आमचं गाव दुसरबीडच्या अलीकडे. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यामुळे ही खोली गेली तर काय, हा प्रश्न मी कधी मनात पूर्ण उच्चारलाही नाही.

या कामांमध्ये एक काम असं होतं की ते मी घरी लगेच सांगू शकलो नाही. आताही लिहिताना संकोच वाटतो. काकाजींच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर निरनिराळ्या देशांतल्या स्वस्त वाईनच्या अकरा बाटल्या होत्या. त्या चाखायच्या आणि प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे, हे माझं काम होतं.

काकाजींचा एकुलता एक मुलगा जहाजावर होता. काकाजी लोकांना सांगताना ‘जहाजावर ऑफिसर’ म्हणत. खरं म्हणजे तो जहाजाच्या भटारखान्यात धान्यसाठा सांभाळायचा. त्याने इंजिनियर व्हावं असं काकाजींना वाटत होतं, तो झाला नाही, आणि त्यानंतर बापलेकांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. दीड-दोन वर्षांनी सुट्टीवर आला की तो दोन-तीन बाटल्या आणायचा. बंदरावर जी सगळ्यांत स्वस्त मिळेल ती. बापाला काय आणावं हे त्याला सुचत नसावं. काकाजी त्या घ्यायचे, माळ्यावर ठेवायचे आणि उघडायचे नाहीत. दारूबंदीचे दिवस होते, पण त्यांच्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळालेला परवाना होता. प्रश्न नाकाचा होता. चाळीस वर्षं तपकीर ओढून त्यांचं नाक गेलं होतं. वास येत नव्हता, आणि वासाबरोबर चवही गेली होती. गुळाचा खडा आणि तुरटी यांतला फरक तेवढा कळायचा.

मुलाची पत्रं चार ओळींची यायची. ‘सुखरूप पोहोचलो. प्रकृती ठीक. बाटल्या कशा होत्या ते कळवा. आत्याला नमस्कार.’ त्या तिसऱ्या वाक्याचं उत्तर काकाजींना देता येत नव्हतं. मी राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यात एका रविवारी त्यांनी एक बाटली खाली काढायला लावली.

“वास घे, एक घोट घे आन काय लागते ते सांग,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “काकाजी, आमच्या घरी तुळशीची माळ आहे. आईने शपथ घातली आहे.”

स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आल्या. त्या काकाजींच्या विधवा बहीण. घर त्याच चालवायच्या, आणि मीही त्यांना आत्याच म्हणायचो.

“पाह्य बाप्पा, लोकाच्या पोराले बिघडवून राह्यला हा.”

“बिघडवून नाई राह्यलो. गिळू नको म्हना त्याले. चूळ भर आन टाकून दे.”

“चूळ बी दारूचीच ना?”

“अवं, एकादशीले तू चूळ भरतं का नाई? मंग तुहा उपास मोडते का?”

“माही चूळ पान्याची असते. आन परवाना? परवाना तुह्या नावाचा हाय, ह्या पोराच्या नाई.”

“परवाना पोटाले लागते. तोंडाले नाई लागत.”

आत्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसल्या की रागावल्या, मला कळलं नाही. काकाजींकडे एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, कुठल्याशा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेलं. त्यातलं एक पान त्यांनी मला वाचायला लावलं. पेला पांढऱ्या कापडासमोर धरावा, हलवावा, वास घ्यावा, घोट तोंडात फिरवावा आणि थुंकून टाकावा, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही दोघंही खूश झालो. साहेबलोकही चूळच भरतात म्हटल्यावर माझ्या मनावरचं ओझं निम्मं उतरलं.

ती पहिली बाटली पोर्तुगालची होती. मी घोट तोंडात धरला, मागच्या दारी लिंबाच्या आळ्यात टाकला आणि परत आलो. काकाजी वही-पेन्सिल घेऊन बसले होते. मोठ्या अक्षरात लिहिलेलं त्यांना दिसायचं.

“बोल.”

मला काही शब्द येईना. चांगली आहे की वाईट हे कशाच्या आधारावर सांगायचं? द्राक्षांचं म्हणून मी एकच पेय ओळखत होतो, आत्यांच्या फडताळातलं द्राक्षासव.

“चिंचेच्या कोळासारखं लागतं,” मी म्हणालो. “जुन्या चिंचेच्या. आणि कोळ पितळी भांड्यात राहून गेला असावा असं.”

काकाजींनी पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं. “एक ध्यानात ठेव. जिभेले जे लागन तेच सांगजो. मले बरं वाटावं म्हनून काई सांगू नको.”

मी हो म्हणालो. त्यांनी लिहिलं: जुनी चिंच, पितळ. गुण सहा. मग मी शाळेच्या नकाशात पोर्तुगाल शोधून त्यांना बोटाने दाखवलं.

त्याच संध्याकाळी मुलाला पत्र गेलं, आणि चव माझ्या जिभेची आहे हेही त्यात होतं. त्याचं उत्तर दीड महिन्याने आलं आणि ते दोन पानांचं होतं. पोर्तुगालच्या त्या बंदरावर मासे कसे भाजतात, पिंपं कशी उतरवतात, दुकानदारीण कशी ओरडते, सगळं लिहिलं होतं. काकाजींनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मी वाचत असताना आत्या भाकऱ्या टाकायच्या थांबून दारात उभ्या होत्या. तेव्हापासून मला कळून चुकलं की या घरातलं बापलेकाचं बोलणं माझ्या जिभेवर चाललं आहे. खोली जाण्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

मग दीड-दोन महिन्यांना एक बाटली. इटलीची अंबाडीच्या भाजीसारखी, फोडणी न दिलेली: पाच. युगोस्लाव्हियाची पांढरी, म्हणजे खरं तर पिवळसर तपकिरी झालेली, शिळ्या आंबिलीवर येतं तसं पाणी: तीन. सायप्रसची गोड, द्राक्षासवाच्या जवळची पण पातळ: सात. अल्जीरियाची लाल मला सगळ्यांत आवडली. वाळलेली बोरं, मागून भाजलेले शेंगदाणे, आणि शेवटी कडुनिंबाच्या काडीसारखं थोडं कडू. तिला आठ. चाखून झालं की काकाजी औषधाच्या ग्लासने रोज थोडी-थोडी घेऊन बाटली संपवायचे, चेहऱ्यावर काही न दाखवता.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईला सांगून टाकलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून तिने विचारलं, “गिळलं का?”

“नाही.”

“एक थेंब?”

“नाही.”

तिने बराच विचार केला. “मग भाजीचं मीठ पाहिल्यावानी झालं ते,” ती म्हणाली. “पर तुझ्या मामाला सांगू नको.”

मला वाटलं होतं की हे काम हलकं आहे, पण त्याने मी थकत गेलो. कॉलेजात सगळं इंग्रजीतून. रसायनशास्त्राच्या तासाला मी निम्मं समजायचो आणि निम्मं घरी येऊन डिक्शनरीत शोधायचो. प्रात्यक्षिकाच्या वहीत चूक नको म्हणून एकेक ओळ दोनदा लिहायचो. पाणी, पेपर, पत्र, अभ्यास, आणि बाटलीचा रविवार आला की पुन्हा शब्द शोधा. चिंच झाली, बोर झालं, आवळा झाला, कवठ झालं. आता नवीन काय सांगायचं? काही रविवारी वाटायचं, पुन्हा चिंचच म्हणावं आणि झोपावं. पण काकाजी पेन्सिल घेऊन बसलेले असायचे, आणि मी त्यांना हो म्हटलेलं होतं. मग मी दुसऱ्यांदा चूळ भरायचो.

पहिल्या वर्षाची परीक्षा झाली तेव्हा चैत्र संपत आला होता. आत्यांचं वाळवण सुरू झालं. पापड, कुरडया, मिरच्या, आणि मागच्या वर्षीच्या लोणच्याच्या बरण्या गच्चीवर. काकाजींचे गुडघे गेलेले, ते गच्चीवर कधी येत नसत. सगळं वर नेणं माझ्याकडे.

“त्या बाटल्याईले बी घेऊन जाय,” आत्या म्हणाल्या. “वर्षभर माळ्यावर पडून हाय. ऊन नाई दाखवलं तं बुरशी धरते. मी दरसाल दाखवतो.”

उरलेल्या सहा बाटल्या मी पुसून वर नेल्या आणि लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत मांडल्या. आठ दिवस त्यांनी ऊन खाल्लं. दुपारी काचेला हात लावला तर चटका बसायचा. संध्याकाळी त्यांच्यावर फडकं टाकायचं, सकाळी काढायचं. आमच्याही घरी आई लोणच्याला, पापडाला असंच ऊन दाखवते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट काम नीट केलं याचं समाधान वाटलं.

दुसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या सुमाराला, मुलगा सुट्टीवर आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. तिशी उलटलेला, केस मागे वळवलेले, बोलताना मध्येच मुंबईचं हिंदी. या वेळी त्याने एकच बाटली आणली होती. आल्याबरोबर पिशवीतून काढून ती काकाजींच्या समोर ठेवली आणि उभा राहिला.

“ही तुमची आठ गुणांची,” तो म्हणाला. “अल्जीरियाची. तीच.”

ती त्याला अल्जीरियात मिळाली नव्हती. फ्रान्सच्या एका बंदरावर जहाज दोन दिवस थांबलं होतं. त्यातला एक अख्खा दिवस तो त्याच नावाची चिठ्ठी असलेली बाटली शोधत दुकानोदुकान फिरला होता. काकाजींनी मान हलवली. तोंडाने ‘छान’ म्हणणं त्यांना जमत नसे, पण त्यांनी मला ताबडतोब पेला आणायला सांगितलं. नेहमी आम्ही रविवारी बसायचो. तो मंगळवार होता.

मुलाने बूच काढलं. मी पेला पांढऱ्या धोतरासमोर धरला. रंग वेगळा होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा. वास घेतला आणि गोंधळलो. बोरं नव्हती, शेंगदाणे नव्हते. ओली जांभळं म्हणावीत तर तीही नाहीत. घोट तोंडात फिरवला. आंबट होतं पण टोचत नव्हतं. लिंबाच्या आळ्याशी मी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो.

“बोल,” काकाजी म्हणाले.

“बोरासारखी नाही लागत.”

“मंग?”

माझ्याकडे मापायला मागची वहीच होती. त्या वहीप्रमाणे ही वाईन काहीच नव्हती. चिंच नाही, पितळ नाही, कडूपणा नाही. “पातळ वाटते,” मी म्हणालो. “काही लागतच नाही. चार.”

काकाजींनी चार लिहिलं. मग वहीचं मागचं पान उलटून डोळ्याशी धरलं. “तेच नाव, आन तिले आठ देले होते.” त्यांनी मुलाकडे पाहिलं. “तुले दुकानदारानं फसवलं. चिठ्ठी तेच, माल दुसरा. तुले लहानपनापासून कोनी बी फसवते.”

मुलाने बूच उचललं, बाटलीवर पुन्हा दाबून बसवलं आणि गच्चीवर गेला.

मला पेपर वाचायचा होता. वाचलाही. कुठल्या बातम्या होत्या ते सांगता येणार नाही. मग मी वर गेलो. तो कठड्याला टेकून सिगारेट ओढत होता.

“तुमच्या जहाजावर अशा बाटल्या कुठे ठेवतात?” मी विचारलं.

“खाली. एकदम तळाला, अंधारात. का?”

“वर ठेवल्या तर?”

“उन्हात? उन्हात आठ दिवस ठेव, खतम. नुसता आंबट शिरका.” तो बोलता-बोलता थांबला. “का रे?”

मी त्याला सांगितलं. दरसाल, चैत्रात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. याच कठड्यापाशी. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कठड्याकडे पाहिलं आणि खाली बसून हसायला लागला. हसता-हसता त्याला खोकला आला.

“भाजलेले शेंगदाणे!” तो म्हणाला. “अरे, ते वाचून मी जहाजावर सगळ्यांना विचारलं. एक बुढ्ढा बोटवाला म्हणाला, तुझ्या बापाची जीभ खानदानी दिसते; मीही तुझं नाव सांगितलं नाही. मी तुझ्या जिभेच्या भरवशावर फिरलो रे, दिवसभर.”

“मी काकाजींना सांगतो.”

“नको.” त्याने सिगारेट विझवली. “आत्याला काय वाटेल? दरसाल तिनंच ठेवल्या. आणि त्या वहीत किती रविवार आहेत. मला फसवलं म्हणू दे. मला सवय आहे. या वेळी सुट्टीच थोडी, परवा मी जाणार.”

मला ते ऐकायला बरं वाटलं, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. मी इतका दमलो होतो की गप्प राहायला कुणीतरी परवानगी दिली हेच पुरेसं वाटलं. पण प्रात्यक्षिकाला परीक्षानळीत द्रावणाचा रंग पाहत असताना मला सारखं ते ‘चार’ दिसत होतं. ते जिभेने दिलेले गुण नव्हते. जिभेला ती वाईन आवडली होती. मी वहीकडे पाहून गुण दिले होते, आणि त्यामुळे एक माणूस खोटा ठरला होता.

घरी आलो. काकाजी आरामखुर्चीत, आत्या खाली बसून तूर निवडत होत्या, मुलगा कपड्यांची ट्रंक भरत होता. काकाजींनी पेपर पुढे केला. मी तो घेतला नाही.

“काकाजी, काल दिलेले चार चुकीचे आहेत.”

“मंग किती?”

“ते मला सांगता येत नाही. पण ती चांगली होती. आधीच्या बिघडलेल्या होत्या, सगळ्याच. त्यांना ऊन लागलं होतं. मला चांगली कशी असते तेच माहीत नव्हतं. आणि गेल्या चैत्रात त्या उन्हात मीच ठेवल्या.”

मुलाने ट्रंकेचं झाकण लावलं आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. आत्यांचा हात तुरीत थांबला.

“त्यानं कायले ठेवल्या असत्या?” त्या म्हणाल्या. “मी सांगतलं त्याले. दरसाल मीच दाखवतो. ऊन दाखवल्यानं कोनती वस्तू बिघडते? माहं लोनचं बिघडलं का कधी? सांग ना बे, बिघडलं का?”

हे त्या काकाजींना विचारत होत्या. काकाजींनी डबी काढली, चिमूट घेतली, पण ओढली नाही. चिमटीत तशीच धरून बसले. त्यांनी वही मागितली नाही. मी उभा होतो. मला वाटलं, आता म्हणतील की खोली रिकामी कर.

“बाटली कुठी हाय?” ते म्हणाले.

मुलाने आणली. काकाजींनी स्वतः औषधाच्या ग्लासात ओतून घेतली आणि एका घोटात संपवली. “मले तं पान्यासारखी लागते,” ते म्हणाले. मग ग्लास पुन्हा थोडा भरून मुलापुढे धरला. “तू सांग.”

“मी?”

“मंग काय ह्या पोराले विचारू? तू तिथी राह्यतं. तुले म्हाईत असन.”

मुलगा ट्रंकेवर बसला. बापासमोर पेला तोंडाला लावायला त्याला जड गेलं असावं, कारण तो आधी आत्यांकडे पाहून थोडा वळला. त्याने घोट घेतला. मग बोलायला लागला. आधी वाईनबद्दल, मग ती बाटली ज्या दुकानात मिळाली त्या दुकानाबद्दल, तिथल्या उताराच्या गल्लीबद्दल, आणि त्या गल्लीत एका म्हाताऱ्याने त्याला बसायला खुर्ची दिली त्याबद्दल. काकाजी पुढे वाकून ऐकत होते. मी वही उघडून लिहायचा प्रयत्न केला, पण निम्मं मला नीट समजत नव्हतं आणि तो थांबत नव्हता, म्हणून पेन्सिल ठेवून दिली.

“गुन किती?” शेवटी काकाजींनी विचारलं.

मुलाने विचार केला. “सहा.”

“सहाच? मंग इतक्या लांबून काऊन आनली?”

“तुम्ही आठ दिले होते म्हणून.”

आत्यांना पहिल्यांदा हसू फुटलं. काकाजींनी चिमटीतली तपकीर डबीत परत टाकली आणि मला म्हणाले, “लिही, सहा. आन कोनी देले ते बी लिही.”

मी लिहिलं. मग पाणी भरायचं राहिलं होतं, म्हणून घागर घेऊन विहिरीकडे गेलो. परत आलो तरी आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.